रविवारसाठी, हळू

सहा नको. साडेसहा.
तोवर कमाटीबागेच्या मागच्या फाटकाचं कुलूप निघतं
आणि चहावाल्याची पहिली किटली उतरते,
म्हणजे तू उशिरा आलास तर
मला तिथं उभं राहायला काही कारण असेल.

काल जाऊन मोजून आले.
फाटकापासून चिंचेपर्यंत माझी सातशे पावलं,
चिंचेपासून तुटक्या कठड्यापर्यंत अकराशे.
तिथं पायवाट विश्वामित्रीला लागते,
एक मोठं वळण घेते
आणि पुलाच्या कमानीखाली शिरते.
आपण शिरायचं नाही. वळायचं.
कुणी विचारलं तर गुडघे आहेतच.

जिग्नेशभाई रोज पहाटे
साठीच्या माणसांना पळायला शिकवतात.
म्हणाले, बेन, घड्याळात बघू नका.
सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं
की समजायचं, वेग बरोबर आहे.
मी मान डोलावली.
त्यांना काय सांगू, अच्युत,
की मागच्या वर्षीच्या भाद्रपदापासून
आपल्या दोघांत एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही.

तेव्हा नदीच आली होती आपल्याकडे.
आधी बोळात, मग ओट्यावर,
मग देवघराच्या दुसऱ्या पायरीला.
गव्हाचा डबा मी माळ्यावर चढवला,
आईचं शिलाईचं मशीन एकटीला उचललं नाही.
रात्रभर समोरच्या भिंतीवर टॉर्च मारत बसले,
कुणी ओरडून गेलं होतं, बोळात मगर शिरलीय.
तुला नऊ फोन.
तू मांजलपुरात, चौथ्या मजल्यावर, कोरडा.
नंतर तू म्हणालास, चार्जिंग नव्हतं.
मी म्हणाले, हो का.

आणि आता, सव्वा वर्षानं, तुझा मेसेज:
साखर वाढलीय, डॉक्टर म्हणतात थोडं पळा,
तू येशील? हळू पळू.
त्यातला 'हळू' मी तीनदा वाचला.

तर ऐक.
नवे बूट घालू नकोस, फोड येतात.
अर्धं केळं खाऊन नीघ, गोळी विसरू नकोस.
पाण्याची बाटली मी घेते, एकच पुरेल.
नदीच्या बाजूनं मी.
तसं भ्यायचं काही नाही, मध्ये जाळी आहे,
आणि मगरी ऊन चढल्यावरच वर येतात,
चिखलात ओंडक्यासारख्या पडून राहतात
जबडा उघडा टाकून, कुणाकडेच न बघता.
काल एक होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.
आमच्या बोळातली तीच का, कोण जाणे.

नदी देखणी आहे असं मी म्हणणार नाही.
वास येतो, काही ठिकाणी फेस आहे.
पण वळणावर धुकं पाण्याला टेकून बसतं
आणि पलीकडचे कडुनिंब नुसत्या शेंड्यांनी दिसतात.
अलीकडच्या फांद्यांना अजून चिंध्या लटकल्यात,
माझ्या डोक्याच्या वर दोन हात,
पाणी तिथवर होतं.
त्यातल्या एका चिंधीत शिंजिरानं घरटं विणलंय.
तुला दाखवीन. चष्मा आण.

चिंचेपर्यंत बोलायचं नाही, श्वास बसू दे.
मग ऋताच्या परीक्षेचं सांग,
तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचं सांग, काहीही.
तुटक्या कठड्यापाशी मी त्या रात्रीचं विचारीन,
किंवा नाही विचारणार, अजून ठरवलेलं नाही.
विचारलंच तर थांबू नकोस.
आपण दोघं थांबून बोललो की भांडतो,
लहानपणापासून.
पळता पळता सांग, रस्त्याकडे बघत,
जेवढं एका दमात मावेल तेवढंच.

परतताना सेव-उसळ नाही.
बरं, एक प्लेट, दोघांत. पाव तुला नाही.

आणि दम लागला तर सरळ सांग.
मला आधी लागला तर मी सांगणार नाही,
तुला माहीत आहे.
तूच वेग कमी कर.